दारातला राखणदार आणि आपले देणे

ज्याच्याकडून आपण सेवा घेतो त्याचे काही देणे लागतो, हे तत्त्व कोणी नाकारणार नाही. मजुराची मजुरी अडवून धरणे हा अन्याय आहे, हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप चोळून वर्षभराच्या ओझ्याची आठवण ठेवण्याची रीत तर आपल्या वऱ्हाडात कितीतरी पिढ्यांची आहे. परंतु जो प्राणी रात्रभर आपल्या दारात जागतो, अनोळखी पावलाची चाहूल लागताच सारे घर उठवतो, त्या कुत्र्याचे आपण काय देणे लागतो, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

हा प्रश्न आम्ही येथे एका साध्या आणि काहीशा किळसवाण्या विषयाच्या निमित्ताने मांडू इच्छितो. तो विषय म्हणजे कुत्र्याच्या पोटातील जंत आणि त्याच्या अंगावरील गोचिडी, पिसवा व लूत. वाचकांपैकी कोणी म्हणतील की हा विषय पशुवैद्यकाचा आहे, धर्मगुरूचा नव्हे, आणि साहित्याच्या त्रैमासिकाचा तर मुळीच नव्हे. आमचे मत निराळे आहे. न्याय, दया, मालकी आणि जबाबदारी हे शब्द व्याख्यानात उच्चारणे सोपे असते. त्यांची खरी परीक्षा अंगणाच्या कोपऱ्यात होते, जेथे पाहणारा कोणी नसतो.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर जा की घाटाखाली जा, चिखली-मेहकरकडे जा की नांदुरा-संग्रामपूरकडे जा, कुत्र्याचे जिणे सारखेच दिसते. मका किंवा तूर उभी राहिली की रोही आणि रानडुकरे यांच्या भयाने शेतकरी जागलीला जातो, आणि कुत्रा त्याच्याबरोबर जातो. मेंढपाळ धनगराच्या वाड्यावर रात्री लांडग्याची चाहूल प्रथम त्यालाच लागते. एवढे असूनही हा कुत्रा कोणाचा, असे विचारले तर उत्तर येते, "आमचा नाही, असाच येतो-जातो." राखण करताना तो आपला असतो आणि आजारी पडला की गावाचा होतो. गावाचा म्हणजे कोणाचाच नाही. येथून आपला नैतिक प्रश्न सुरू होतो.

प्रथम वस्तुस्थिती नीट समजून घेऊ, कारण अज्ञानावर उभारलेली दया फार काळ टिकत नाही. कुत्र्याच्या पोटात मुख्यत्वे तीन प्रकारचे जंत आढळतात: गोलकृमी, अंकुशकृमी आणि पट्टकृमी. गोलकृमीची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालू शकते. ही अंडी विष्ठेतून मातीत पडतात, दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि अनुकूल मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. कुत्रीच्या शरीरात या जंतांच्या सूक्ष्म अळ्या सुप्त पडून असतात. ती गाभण राहिली की त्या जाग्या होतात, गर्भातील पिल्लांत शिरतात, आणि पुढे दुधातूनही जातात. म्हणून गावातले जवळजवळ प्रत्येक पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येते असे समजावे. हातपाय काड्यांसारखे आणि पोट नगाऱ्यासारखे, असे पिल्लू आपण सर्वांनी पाहिले आहे. ते पोट खाऊन भरलेले नसते.

अंकुशकृमी आतड्याच्या अस्तराला चावा घेऊन रक्त पितो. पावसाळ्यात ओलसर, सावलीच्या मातीत त्याच्या अळ्या वाढतात. त्या तोंडावाटे पोटात जातात आणि कातडीतूनही आत शिरतात. लहान पिल्लाला हा जंत मारून टाकू शकतो. त्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, विष्ठा डांबरासारखी काळी होते, आणि ते कोपऱ्यात निपचित पडते. पट्टकृमीच्या एका सामान्य जातीचा वाहक पिसू असते. अंगाला खाज सुटली म्हणून कुत्रा दाताने पिसू चावतो आणि तिच्याबरोबर जंताची अळी गिळतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे हलणारे तुकडे दिसले तर हा जंत आहे असे ओळखावे. पिसवांचा बंदोबस्त न करता केवळ गोळी दिली, तर महिन्याभरात तोच रोग परत येतो.

बाहेरच्या शत्रूंत गोचीड सर्वांत वाईट. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगली की खाली पडते, भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या सांदीकोपऱ्यांत जाते आणि तेथे हजारो अंडी घालते. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा तिला मानवतो. तिच्या दंशातून रक्ताचे रोग होतात. कुत्र्याला ताप चढतो, नाकातून रक्त येते, कधी लघवी लाल होते. लूत हा कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्याचा रोग आहे. लूत लागलेले कुत्रे ही मराठीत शिवी झाली आहे; परंतु तो औषधाने पुष्कळदा पूर्ण बरा होणारा रोग आहे, हे ती शिवी देणाऱ्यास ठाऊक नसते.

आता याच जंतांचा माणसाशी काय संबंध येतो ते पाहावे. 1952 साली अमेरिकेत पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की कुत्र्याच्या गोलकृमीच्या अळ्या लहान मुलांच्या यकृतात आणि इतर अवयवांत भटकतात व रोग निर्माण करतात. त्या डोळ्यात गेल्या तर दृष्टी जाऊ शकते. मातीत खेळणारे, न धुतलेला हात तोंडात घालणारे मूल हे या रोगाचे पहिले भक्ष्य असते. कुत्र्याच्या अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी चालणाऱ्याच्या कातडीत शिरून लाल, नागमोडी, खाजरी रेघ उमटवतात. 2015 पासून आपल्या देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि 1 ते 19 वर्षांच्या मुलांना शाळेत व अंगणवाडीत गोळी दिली जाते. ही फार चांगली योजना आहे. परंतु ती माणसाच्या आतड्यातील जंतांसाठी आहे. कुत्र्याच्या गोलकृमीच्या भटक्या अळ्यांवर ती एक गोळी पुरेशी नाही. त्यांचा उपाय कुत्र्यापासूनच करावा लागतो.

आणि एक रोग असा आहे की ज्याच्याकडे आपल्या समाजाने विशेष लक्ष द्यावे. कुत्र्याच्या आतड्यात काही मिलीमीटर लांबीचा एक चिमुकला पट्टकृमी असतो. त्याची अंडी चाऱ्यावाटे मेंढी-बकरीच्या पोटात जातात आणि तिच्या यकृतात व फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. ते बकरे कापले आणि त्याची गाठ असलेली काळजी-फुप्फुसे कुत्र्याला टाकली, की कुत्र्याच्या पोटात पुन्हा जंत होतात. हेच अंडे माणसाच्या पोटात गेले तर माणसाच्या यकृतात तशीच गाठ होते. ती वर्षानुवर्षे गुपचूप वाढते आणि शेवटी मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. आपल्या घरी ईस्टरला, नाताळला, लग्नाला बकरे कापले जाते. नको असलेला भाग मागच्या दारी कुत्र्यापुढे टाकला जातो, आणि मुक्या जनावराला सणाचा घास दिला असे समाधान मिळते. त्या घासात गाठ असेल तर आपण रोगाचे चक्र स्वतःच्या हाताने फिरवीत असतो.

हे चक्र तोडता येते याचा दाखला इतिहासात आहे. युरोपच्या वायव्येस आइसलँड नावाचे बेट आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे घरोघरी मेंढ्या, घरोघरी कुत्री आणि असंख्य माणसांच्या पोटात या पाण्याच्या गाठी होत्या. 1863 साली हाराल्ड क्राबे हा डेन्मार्कचा वैद्य तेथे गेला. त्याने शंभर कुत्र्यांची तपासणी केली तेव्हा 28 कुत्र्यांत हा जंत सापडला. त्याने सोप्या भाषेत एक लहान पुस्तिका लिहिली, आणि 1864 साली ती घरोघरी फुकट वाटण्यात आली. पुढे 1869 आणि 1890 मध्ये कायदे झाले: कुत्र्यांवर कर बसला, त्यांना औषध देणे आवश्यक झाले, गाठी असलेले अवयव नष्ट करणे सक्तीचे झाले. काही दशकांत तो रोग ओसरला आणि पुढे बेटावरून नाहीसा झाला. जो देश या रोगाने पोखरला होता, तो एका पुस्तिकेने आणि घरोघरच्या शिस्तीने सावरला. तेथील माणसे वाचणारी होती, हेही ध्यानात घ्यावे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मुलांच्या आरोग्यासाठी कुत्र्याला औषध द्यावे, एवढेच ना? त्यात नीतीचा प्रश्न कोठे आला?" प्रश्न येथेच आहे. आपण कुत्र्याची काळजी केवळ आपल्या मुलांसाठी घ्यायची असेल, तर तीच गोष्ट दुसऱ्या मार्गानेही साधते आणि तो मार्ग अधिक स्वस्त वाटतो. कुत्रा मारून टाकला की जंतही गेले. विषाचे लाडू टाकून कुत्री मारण्याचे प्रकार आपल्या देशात पुष्कळ झाले आहेत. ज्याच्या मनात केवळ स्वतःच्या हिताचा हिशेब आहे, त्याला या मार्गापासून रोखणारे काय आहे?

तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे असे की जनावरांशी क्रूरपणे वागणारा माणूस पुढे माणसांशीही क्रूर होतो, म्हणून ती क्रूरता निषिद्ध आहे. पाच शतकांनंतर जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी आपल्या व्याख्यानांत नेमके कुत्र्याचेच उदाहरण घेतले. वर्षानुवर्षे इमानाने सेवा केलेला कुत्रा म्हातारा झाला म्हणून मालकाने त्याला गोळी घातली, तर त्या मालकाने कुत्र्याप्रती असलेले कर्तव्य मोडले असे कांट म्हणत नाहीत. त्याने स्वतःतील माणुसकीला इजा केली असे ते म्हणतात. दोघांच्याही मते जनावर हा एक आरसा आहे. आपण त्याच्याशी वागतो तेव्हा खरे तर स्वतःला घडवीत किंवा बिघडवीत असतो.

या विचारात मोठे सत्य आहे, तथापि ते पुरे नाही असे आम्हास वाटते. अंकुशकृमीने रक्त शोषलेले पिल्लू कोपऱ्यात थरथरत पडलेले असते तेव्हा वेदना त्याची असते. त्या वेदनेचा अर्थ माझ्या स्वभावावर काय परिणाम होईल एवढ्यापुरताच असतो, असे म्हणणे हाही एक प्रकारचा स्वार्थ आहे. 1992 साली प्रसिद्ध झालेला आपल्या चर्चचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ प्राण्यांना ईश्वराची निर्मिती म्हणतो आणि त्यांना निष्कारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही असे सांगतो. 2015 च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी एक पाऊल पुढे जाऊन म्हटले की प्रत्येक प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे.

या दोन कारणांतील भेद आपल्याच विषयातून स्पष्ट होतो. गाठी निर्माण करणारा तो चिमुकला पट्टकृमी कुत्र्याला बहुधा काहीच त्रास देत नाही. त्रास होतो माणसाला. उलट अंकुशकृमीने पिल्लू मरते, माणसाला मात्र बहुतेक वेळा काही दिवसांची खाज सुटते. ज्याला केवळ माणसाची पर्वा आहे तो पिल्लाला मरू देईल. ज्याला केवळ कुत्र्याच्या वेदनेची पर्वा आहे तो निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याला गोळी देणार नाही, आणि शेजारच्या मुलाच्या यकृतात गाठ वाढत राहील. दोन्ही कारणे एकत्र धरली तरच आपली वागणूक पुरी होते. स्वतःचे हित आणि मुक्या जीवाचे हित हे या बाबतीत एकाच गोळीत सामावलेले आहे, ही केवढी सोय आहे!

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही, खारपाण पट्ट्यात तर पिण्याचे पाणीही धड नाही. ज्या घरात मुलाच्या वहीपुस्तकांची ओढाताण आहे, त्या घराला कुत्र्याच्या औषधाचा उपदेश करणे हा पोट भरलेल्या माणसाचा शहाणपणा नव्हे काय? वर उल्लेखिलेला धर्मशिक्षणाचा ग्रंथही स्पष्ट बजावतो की माणसांच्या दुःखनिवारणासाठी जो पैसा प्रथम जायला हवा तो प्राण्यांवर उधळू नये. शहरांत कुत्र्यांचे वाढदिवस केकने साजरे होतात आणि त्याच घरातल्या मोलकरणीचा पगार कापला जातो, तेव्हा हा इशारा आठवावा.

परंतु हा आक्षेप उधळपट्टीला लागू पडतो, ऋणफेडीला नाही. मध्यम आकाराच्या गावठी कुत्र्याला तीन महिन्यांतून एकदा लागणाऱ्या जंताच्या गोळ्यांचा खर्च बहुतेक घरांच्या आवाक्यातला आहे. आणि ज्याच्या आवाक्यात तोही नाही, त्याच्यासाठी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, शेजारी आहेत, धर्मग्रामाची माणसे आहेत. शिवाय पुष्कळसे प्रतिबंधक उपाय फुकटचे आहेत. विष्ठा फावड्याने उचलून खड्ड्यात पुरणे, कापलेल्या बकऱ्याचे आतील अवयव खोल गाडणे, मुलांना हात धुवायला आणि चप्पल घालायला लावणे, यांस पैसा लागत नाही. लागते ते थोडे लक्ष. आपण 'परवडत नाही' असे म्हणतो तेव्हा बऱ्याचदा 'आठवत नाही' असेच म्हणायचे असते.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले आणखी एक प्रश्न विचारतात, आणि तो थोरांनाही निरुत्तर करतो: जंतही देवानेच निर्माण केले ना, मग त्यांना का मारायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. 1860 साली चार्ल्स डार्विन यांनी आसा ग्रे या आपल्या श्रद्धाळू मित्राला पत्र लिहून याच जातीची अडचण मांडली होती. जिवंत सुरवंटाला आतून खात वाढणाऱ्या गांधीलमाशीच्या अळ्या दयाळू ईश्वराच्या योजनेत कशा बसतात, हे त्यांना उमगत नव्हते. आम्ही त्या गूढाचा उलगडा करण्याचा आव आणत नाही. एवढे मात्र म्हणता येते की काळजीला क्रम असतो. ज्या जीवाला सुखदुःख जाणवते, जो आपल्याला ओळखतो, ज्याला आपण हाक मारली आणि जो आला, त्याच्याशी आपले नाते जंताशी असलेल्या नात्याहून निराळे आहे. सर्व निर्मितीचा आदर करणे म्हणजे सर्व जीवांना एकाच तागडीत तोलणे नव्हे.

नारूचे उदाहरण येथे बोलके आहे. आपल्या महाराष्ट्रातील वृद्धांना नारू आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून भरलेल्या पाण्यातून हा हातभर लांब कृमी माणसाच्या शरीरात जाई आणि वर्षभराने पायातून फोड फोडून बाहेर येई. गाळलेले पाणी, बुजवलेल्या किंवा सुधारलेल्या विहिरी आणि घरोघरचा शोध यांच्या बळावर भारताने तो संपवला. देशातील शेवटचा रुग्ण 1996 साली राजस्थानात आढळला, आणि 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त ठरवले. जगात 1986 साली सुमारे 35 लाख रुग्ण होते. 2024 साली केवळ 15 माणसांना नारू झाला. परंतु शेवटच्या टप्प्यावर एक अडथळा आला. आफ्रिकेतील चाड देशात 2012 पासून कुत्र्यांत नारू सापडू लागला. तेथील गावकऱ्यांनी काय केले? कुत्री सरसकट मारली नाहीत. नारू झालेल्या कुत्र्यांना पाण्यापासून दूर बांधून ठेवले, त्यांना तेथेच खाऊ-पिऊ घातले, आणि माशांची आतडी उघड्यावर न टाकता जमिनीत पुरली. आपल्याहून गरीब असलेल्या खेड्यांनी हे केले. गरिबी हे क्रूरतेचे कारण होऊ शकत नाही, हे त्यांनी जगाला दाखवले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू: ज्याला मालक नाही, त्या कुत्र्याचे देणे कोणी द्यावे? कायद्याच्या दृष्टीने 2023 च्या नियमांनी भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीची व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांविषयी दिलेल्या आदेशात नसबंदी आणि लस यांच्या बरोबरीने जंतनाशक औषधाचाही उल्लेख केला, आणि पिसाळलेली किंवा हिंस्र कुत्री वगळता इतरांना मूळ जागी सोडण्यास सांगितले. पुढे 7 नोव्हेंबर 2025 रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा जागांतून कुत्री हलवण्याचा निराळा आदेशही झाला. मुलाला कुत्रा चावला त्या आईचे भय आणि कुत्र्याला घास घालणाऱ्याची माया, दोन्ही न्यायालयासमोर होत्या. कायदा त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न करीतच राहील.

परंतु अंतःकरणाचा कायदा अधिक साधा आहे. जो भाकर टाकतो त्याने नाते जोडलेले असते. रोज संध्याकाळी एकाच दारातून शिळी भाकर मिळाली की कुत्रा त्या दाराची राखण करू लागतो. त्याच्या बाजूने करार पुरा झालेला असतो. तो कागद वाचीत नाही, म्हणून आपण सही केली नाही असे म्हणणे हा कावेबाजपणा होय. त्यातही एक जुने ऋण आहे. कुत्रा हा माणसाने किमान 15,000 वर्षांपूर्वी रानातून आपल्या शेकोटीजवळ आणलेला प्राणी आहे. तो आता लांडगा राहिला नाही. त्याला परत जायला रान नाही. आणि आपल्याच ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला तो शिरलाच, तर त्याच्या अंगावरच्या गोचिडी आणि रोग तो तेथील वन्य प्राण्यांपर्यंत नेऊ शकतो. ज्याला आपण परावलंबी केले, त्याला 'तुझे तू पाहा' असे सांगण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

मराठी मातीत या ऋणाची जाण जुनी आहे. कुत्र्याने कोरडी भाकर पळवली तेव्हा संत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा येथील लहान मुलालाही ठाऊक आहे. आपल्या बायबलातील तोबितच्या ग्रंथात तरुण तोबियास दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही निघतो. कथेत त्या कुत्र्याचे काही काम नाही. तो केवळ बरोबर आहे, एवढेच ग्रंथकाराने नोंदवून ठेवले आहे. बरोबर असणाऱ्याची नोंद घेणे हाच कृतज्ञतेचा आरंभ आहे.

म्हणून शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पिल्लू दोन आठवड्यांचे झाले की जंताचे पहिले औषध द्यावे, आणि दर पंधरा दिवसांनी दूध सुटेपर्यंत देत राहावे. त्याच वेळी त्याच्या आईलाही द्यावे. नंतर सहा महिन्यांचे होईपर्यंत महिन्यातून एकदा, आणि पुढे आयुष्यभर दर तीन महिन्यांनी. मेंढ्यांच्या कळपाबरोबर राहणाऱ्या किंवा कच्चे अवयव खाणाऱ्या कुत्र्याला पट्टकृमीचे प्राझिक्वान्टेल हे औषध अधिक वेळा लागू शकते. त्याविषयी डॉक्टरांना विचारावे. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून अंदाजाने देऊ नये. गाय-बैलाच्या अंगावर ओतायचे औषध, कपाशीवर फवारायचे विष, जळके ऑइल किंवा रॉकेल कुत्र्याच्या अंगाला कदापि लावू नये. लूत बरी होण्याऐवजी कुत्रा मरतो. लसणानेही जंत पडतात असे समजून तो खाऊ घालू नये, कारण त्याने कुत्र्याच्या रक्तपेशी फुटतात. गोचिडींसाठी कुत्र्याबरोबर त्याची निजण्याची जागाही स्वच्छ करावी, भिंतीच्या भेगा लिंपाव्यात, अंथरलेले पोते उन्हात घालावे. सणाच्या दिवशी अवयव द्यायचेच असतील तर ते अर्धा तास चांगले उकळून द्यावेत. आणि जंताच्या औषधासाठी दवाखान्यात जाल तेव्हा पिसाळण्याविरुद्धची लसही टोचून घ्यावी. तो रोग जंताचा नव्हे, परंतु खेप एकच पडते.

कुत्रा घेऊन दवाखान्यात गेले तर लोक हसतात, अशी तक्रार आमच्या कानी येते. बैल घेऊन गेले तर कोणी हसत नाही, कारण बैलाची किंमत बाजारात ठरलेली असते. ज्याची किंमत बाजाराने ठरवलेली नाही त्याचीही काळजी घेता येणे, यालाच आपण संस्कृती म्हणतो. हसणाऱ्यांना हसू द्यावे. चार घरांनी मिळून एकाच दिवशी आळीतली सारी कुत्री नेली तर हसणेही थांबेल आणि खर्चही वाटून जाईल.

वर्षातून चार वेळा लक्षात कसे ठेवावे, असा प्रश्न उरतो. हे त्रैमासिक वर्षातून चारदाच आपल्या घरी येते. अंक हाती आला की तो उघडण्यापूर्वी गुळाच्या किंवा भाकरीच्या तुकड्यात गोळी घालून दारातल्या राखणदाराला द्यावी, आणि मग निवांत वाचायला बसावे.